अकरा दिवस, साहेब!

हिरामण गावित सातपूरच्या एका कारखान्यात लेथ चालवायचा आणि उरलेल्या वेळात समाज जागा करायचा. समाज काही उठत नव्हता. सहा वर्षांत त्याने पाण्यावर, खड्ड्यांवर, कंत्राटी कामगारांवर मिळून एकवीस रॅप लिहिले, मोबाइलवर रेकॉर्ड केले आणि यूट्यूबवर टाकले. त्याच्या कार्यक्रमाला आजवर जमलेली सर्वांत मोठी गर्दी नऊ माणसांची होती, आणि त्यातले दोघे पत्ता विचारायला थांबले होते.

बाविसावा रॅप दारातच सापडला. आमराई कॉलनीच्या चौथ्या गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी पाइपासाठी खणून मातीचा ढिगारा घातला, आणि घंटागाडी आत यायची बंद झाली. पुढे ढिगारा हलला, पण गाडी काही परतली नाही. ठेकेदाराच्या यादीतून चौथी गल्लीच गळली होती. बाराव्या दिवशी, नाकाला रुमाल बांधून, हिरामणने वही उघडली.

"अकरा दिवस, साहेब, अकरा दिवस!
गाडीसाठी बोलू का आता नवस?"

"लय भारी," त्याची आई भागीबाई म्हणाली. "पण आज बारावा हाय."

"आई, बारा तालात बसत नाय."

समोरच्या घरातली रोशनी वकिलीचं शिकत होती आणि गल्लीचे सगळे अर्ज तीच लिहायची. विभागीय कार्यालयासमोर पुढच्या सोमवारी अकरा वाजता गाण्यातून निषेध करायचा, असं ठरलं.

"हिरामणदादा, अर्जात माणसं किती लिहू?"

"दोनशे."

रोशनीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, दोनशे लिहिलं आणि खाली स्वतःची सही ठोकली. त्या सहीने हिरामणची झोप उडवली. त्याला स्वतःला नऊ माणसांची सवय होती, पण ही मुलगी कोणाच्या ना कोणाच्या कामासाठी आठवड्यातून दोनदा त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढायची. सोमवारी कोणी आलं नाही, तर तिथले लोक तिला जन्मभर हसले असते.

त्याच संध्याकाळी त्याचा मित्र गोरक्ष आला. उरलेल्या गल्ल्यांत आणि पलीकडे थेट कार्यालयापर्यंत घंटागाडी तोच फिरवायचा.

"माझा गाण्याचा पेनड्राइव्ह खराब झालाय यार. गाणं वाजलं नाही तर बायका बाहेर येत नाहीत आणि ठेकेदार माझ्यावर ओरडतो. तुझ्याकडं काही असेल तर दे."

हिरामणकडे एकच पेनड्राइव्ह होता आणि त्यात एकच गाणं. ते गाडीला शिव्या घालणारं होतं, म्हणून तो जरा घुटमळला.

"अरे पण यात तुमच्यावरच..."

"आवाज मोठा हाय ना? मग झालं!" गोरक्ष म्हणाला. सहा वर्षं गाडीवर तेच ते ऐकून त्याचे कान गाण्यातल्या शब्दांना विटले होते. गाणं चाललं की गाडी चालते, एवढंच त्याला ठाऊक. हिरामणने मात्र मनात हिशेब केला की हजार घरं आपला रॅप ऐकतील, पेटून उठतील आणि सोमवारी येतील. त्याने पेनड्राइव्ह दिला.

आठ दिवस गोरक्षची गाडी तो रॅप वाजवत फिरली. हजार घरांनी तो ऐकला. यूट्यूबवरचे प्रेक्षक एकशे त्रेचाळीसवरून एकशे सेहेचाळीस झाले, त्यात दोनदा हिरामणच होता.

सोमवारी अकरा वाजता कार्यालयासमोर हिरामण, भाड्याचा स्पीकर, रोशनी आणि भागीबाई एवढेच होते. चौथ्या गल्लीची मंडळी कामाला गेली होती. गॅलरीतून तिथल्या साहेबांनी चहाचा कप हातात घेऊन खाली पाहिलं आणि विचारलं, "हे दोनशे का?"

रोशनीचा चेहरा उतरला. हिरामणला इतकं वाईट वाटलं की त्याने डोळे मिटून स्पीकरचा आवाज शेवटपर्यंत चढवला आणि सुरुवात केली.

"अकरा दिवस, साहेब, अकरा दिवस!"

दुसऱ्या ओळीला पलीकडच्या कॉलनीत एक दार उघडलं. मग चार उघडली. मग जिन्यांवरून चपलांचा आवाज सुरू झाला, आणि हिरामणने डोळे उघडले तेव्हा रस्ता माणसांनी भरत चालला होता. बायका, म्हातारे, सुट्टीवरची पोरं, सगळे पळत येत होते. प्रत्येकाच्या हातात बादली होती आणि बादल्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

मेस चालवणाऱ्या सुमनबाई दोन बादल्या घेऊन सर्वांत पुढे होत्या. "गाडी कुठं लावलीस रे?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"कसली गाडी?"

"कसली म्हणजे? गाणं लागलंय ना! आज सकाळपासून पत्ता नाही, मासळीचा वास सुटलाय घरात."

गोरक्षची गाडी सकाळीच पंक्चर होऊन गॅरेजात पडली होती. हिरामणच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही माणसं त्याच्यासाठी आलीच नव्हती. तो थांबला.

"दादा, थांबू नकोस!" रोशनी दातओठ खाऊन म्हणाली.

त्याने पुन्हा धरलं. आठ दिवसांत पोरांना गाणं तोंडपाठ झालं होतं, त्यांनी ओळ उचलली. मग उभ्या उभ्या कंटाळलेल्या बायकांनीही उचलली. दोनशे गळ्यांतून "अकरा दिवस, साहेब!" गेलं आणि गॅलरीतल्या साहेबांचा चहा बशीत सांडला.

"रोशनी मॅडम," ते वरून ओरडले, "त्यांना म्हणावं, बादल्या खाली ठेवू नका!"

"सांगते साहेब. पण हात दुखले की लोक ठेवणारच."

तेवढ्यात सुमनबाईंनी एक बादली फाटकाच्या पायरीवर टेकवली. ती जरा कलली. साहेब जिना उतरून स्वतः खाली आले. दहा मिनिटांत चौथी गल्ली यादीत चढली, पत्रावर शिक्का बसला, आणि पंक्चर काढलेली गाडी तातडीने समोर येऊन उभी राहिली. बादल्या रिकाम्या झाल्या तसा रस्ताही झाला.

"गाडी आल्याशिवाय गाणं लावत जाऊ नको बाबा," सुमनबाई जाता जाता म्हणाल्या. "भाजी गॅसवर टाकून आले मी."

"दोनशे सोळा," रोशनी पत्राची घडी घालत म्हणाली. "मी मोजले."

"ते कचरा टाकायला आलते, रोशनी."

"मग आपली मागणी कशाची होती?"

हिरामण स्पीकरची वायर गुंडाळू लागला.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला भागीबाईने त्याला हलवून उठवलं आणि हातात बादली दिली. गाडी चौथ्या गल्लीत शिरत होती, त्याच्याच आवाजात. हिरामण उंबऱ्यात उभा राहिला. शेजारच्या काकू ओळ गुणगुणत बादली उलटी करत होत्या, कोपऱ्यावरचे आजोबा डब्याच्या झाकणावर ठेका धरत होते. त्याचं दुसरं कडवं या गल्लीत आजवर कोणी ऐकलंच नव्हतं, आणि आज अख्खी गल्ली ते ऐकत होती. त्याला आनंदाने भरून आलं. आपण कवी आहोत, असं त्याला सहा वर्षांत पहिल्यांदाच वाटलं.

गाडी हलली तेव्हा त्याला हातातल्या बादलीची आठवण झाली.

"गोऱ्या, थांब! ए गोऱ्या!" तो बनियनवर धावत सुटला. गाडीवरचा हिरामण इतक्या जोरात गात होता की खालच्या हिरामणची हाक गोरक्षपर्यंत पोचली नाही. त्याने आरशात मित्राला पाहिलं, खूश होऊन हात हलवला आणि वळणावरून दिसेनासा झाला.

हिरामण भरली बादली घेऊन परत आला. भागीबाई दारातच उभी होती.

"उद्यापासून ध्यानात ठेव," ती म्हणाली. "दुसऱ्या कडव्याला गाडी हलती."