तीन वायरी आणि दुपारचा चहा

जयमालाला शनिवारपर्यंत न तुटणारी इंटरनेटची लाईन हवी होती, आणि ती निवडायचं काम तिच्या सासऱ्यांनी, कारभारींनी, कुणीही न सांगता अंगावर घेतलं होतं. नगरच्या एका एजन्सीनं तिला घरबसल्या नोकरी दिली होती. चार-पाच इंटरनेट कंपन्यांच्या गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फोन ही एजन्सी घ्यायची, त्यातले श्रीगोंदा भागातले इंटरनेटवरून जयमालाच्या कॉम्प्युटरवर यायचे. पण आठवडाभर परीक्षा होती. बोलताना लाईन एकदा जरी तुटली, तरी नोकरी गेली. कारभारींना यातलं एवढंच कळलं होतं, की सून दार लावून कॉम्प्युटरवर काहीतरी करते.

पारख करायची म्हटलं की मात्र कारभारींना धीर निघत नसे. श्रीगोंद्याजवळच्या आपल्या काष्टी गावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं दलाली केलेली. तीन वेळची धार काढून बघितल्याशिवाय त्यांनी कुणाला गाय घेऊ दिली नव्हती. त्याच हिशेबानं त्यांनी तीन कंपन्यांची माणसं बोलावली आणि आठ दिवसांच्या बोलीवर तिन्ही वायरी घरात ओढून घेतल्या.

"अण्णा, एक लाईन बास झाली की," मुलगा संदीप म्हणाला.

"एकच गाय बघून बाजारातनं परत येतो का आपन?"

पहिली लाईन सकाळी धावली आणि संध्याकाळी शाळेतली पोरं घरी आल्यावर जी आटली ती आटलीच. "सकाळी दूध, सांच्याला लाथ," म्हणून कारभारींनी ती नापास केली. दुसऱ्या कंपनीचा माणूस आपल्या लाईनचं फारच कौतुक करत होता. विकणारा एवढा गोड बोलतोय म्हणजे जनावराला खोड आहे, हे त्यांनी लगेच ताडलं. तिसरी मात्र तिन्ही वेळा झकास चालली. जयमालानं हुश्श केलं आणि तीच वायर कॉम्प्युटरला जोडून ती कामाला बसली. आपले सासरे कॉम्प्युटर नुसत्या विजेवर चालतो असं समजतात, हे तिला माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी संदीप डेअरीवर गेला आणि कारभारींना चैन पडेना. धडधाकट जनावर कुणीही सांभाळेल, आजारी पडल्यावर मालक धावून येतो का, ते बघितलंच नव्हतं! त्यांनी गोठ्यात बसून तिसऱ्या कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर मोबाईल लावला.

आतल्या खोलीत जयमालाच्या कानात आवाज आला, "हॅलो, मी काष्टीवरनं कारभारी बोलतोय."

जयमाला खुर्चीतच ताठ झाली. एजन्सीचे साहेब त्या वेळी लाईनवर ऐकत होते, आणि घरचं माणूस असलं तरी ओळख दाखवायची नाही, असा नियम होता. कारभारींनी आवाज ओळखायचा तर प्रश्नच नव्हता. सासऱ्यापुढं सून कधी सलग चार वाक्यं बोलली असेल तर ना!

"नमस्कार सर. काय तक्रार आहे आपली?"

"तक्रार न्हाई अजून. आता करतो. तुमची वायर उपटनार हाय मी. बघू, मानूस कवा येतो."

वायर उपटली की फोन बंद, आणि फोन बंद की नोकरी बंद.

"सर, कृपा करून वायर उपटू नका."

"का? गिऱ्हाईक हाय मी."

"न उपटताही तक्रार करता येते, सर. काहीही असू द्या, आम्ही सोडवतो."

"काय बी?"

"काहीही, सर."

कारभारी विचारात पडले. लाईनला तर खोड सापडत नव्हती. "मग ल्हिवा. आठ दिस झालं, तीनचा चहा साडेचारला मिळतोय. सून दार लावून बसती. बायको म्हनती, तुमाला काय हात न्हाईत?"

"आपली अडचण समजली, सर. दहा मिनिटांत तक्रार सुटेल. तोवर वायरीला हात लावू नका."

"दहा मिन्टं. घड्याळ बघत बसतो."

फोन ठेवून जयमाला पळतच स्वयंपाकघरात गेली. सासूबाई, भिमाबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. "आत्या, पाया पडते, मामांना आदी चहा द्या. न्हाईतर माजी नोकरी जाती!" भिमाबाईंनी काही न विचारता शेंगा बाजूला सारल्या आणि आधण ठेवलं.

नवव्या मिनिटाला गोठ्यात कपबशी आदळली.

"आज लौकर? तुला कुनी सांगितलं?" कारभारींनी विचारलं.

"वरनं हुकूम आलाय. प्या गप."

कारभारींनी भिंतीवरच्या वायरीकडं मोठ्या आदरानं बघितलं. चाळीस वर्षांत इतक्या झटक्यात त्यांनी कशालाच पसंती दिली नव्हती. "हीच लाईन पक्की," ते म्हणाले. "कंपनीचा हात पार आपल्या चुलीपातुर पोचलाय!"

आत साहेबांचा फोन आला होता. "जयमालाताई, असलं गिऱ्हाईक मी बारा वर्षांत बघितलं नाही. तुम्ही शांतपणे सांभाळलंत. उद्यापर्यंत थांबायला नको, नोकरी कायम. आणि हे काका यापुढं तुमच्याकडेच."

जयमालाला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं डोळे पुसले, तोच पुढचा फोन वाजला.

"हॅलो, मी कारभारी. चहा लई येळेवर आला. पन साखर जरा कमी हाय."