सासरे : प्रतिसाद नाही

दाढी करता करता, आरशातूनच जावयाकडे बघत, सासऱ्यांनी निकाल दिला.

"जावईबापू, वरची खोली पुढच्या रविवारपर्यंत मोकळी करा. आमच्या चिरंजीवांना व्यायाम सुरू करायचाय. तुमचे ते डबे भंगारवाल्याला देऊन टाका."

सासरे छत्तीस वर्षं कचेरीत होते, त्यातली शेवटची अकरा वर्षं हेडक्लार्क. निवृत्त झाले, पण हेडक्लार्क काही अंगातून उतरला नव्हता. त्यांच्या निकालावर अपील नसे. घर त्यांचं, खोली त्यांची. जावईबापू "हो अप्पा" म्हणाले आणि जिन्यात गेल्यावर एकटेच पुटपुटले, "डबे म्हणे!"

डबे म्हणजे चार कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. जावईबापू दिवसभर पाणीपुरवठा खात्यात पाइपांचे नकाशे काढत. तिथे त्यांना कुत्रं विचारत नसे. संध्याकाळी मात्र वरच्या खोलीत गेलं, की पाच यंत्रं त्यांच्या हुकमाची वाट बघत असत. माणसाला आणखी काय लागतं? ती खोली गेली तर आयुष्यात नुसते पाइप उरणार होते.

आता या नादाची जी मंडळी असतात ना, ती मशीनला नाव दिल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. कोणी ग्रहांची नावं देतं, कोणी नद्यांची. जावईबापूंच्या एका मित्राने भाज्यांची दिली आहेत. त्याच्या घरी दोडका तापतो आणि भोपळ्यावर फोटो साठवतात. यात नियम तीन. सगळी नावं एकाच जातकुळीची हवीत. मेलेल्या मशीनचं नाव दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि एकदा दिलेलं नाव, आभाळ कोसळलं तरी, बदलायचं नाही.

जावईबापूंनी पहिलं मोठं मशीन बसवलं तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, नाव काय? त्यांना काही सुचेना. तेवढ्यात खालून सासूबाईंची हाक आली, "जावईबापूऽ, गॅसची टाकी बदलून द्या!" त्यांनी वैतागून खटाखट टाइप केलं, 'सासूबाई'. झालं. पहिल्या नियमाप्रमाणे पुढची सगळी नावं सासरचीच आली. नियम म्हणजे नियम!

'सासूबाई' चार वर्षं रात्रंदिवस चालू होती, घरातलं इंटरनेट नि टीव्ही तिच्यावरच चाले आणि घरातलं सगळं तिला ठाऊक असे. 'मेहुणा' म्हणजे निळ्या-लाल दिव्यांचा दिमाखदार डबा. त्याचा पंखा जोरात फिरे, काम बेताचं. प्रिंटर 'मावससासू', मागितलेलं कधी देत नसे आणि नको तेव्हा पानंच्या पानं सोडत असे. 'सासरे' हे सगळ्यात जुन्या बनावटीचं धूड. सुरू व्हायला त्याला अकरा मिनिटं लागत. सुरू झालं की तापे, आणि प्रत्येक कामाआधी एकदा खाकरल्यासारखा आवाज करी. राहिला 'जावई'. पहिल्या पगारातून, हा नाद लागायच्याही आधी घेतलेला, म्हणून नाव उशिरा मिळालेला, पिवळा पडलेला, कोपऱ्यात गप्प बसलेला.

ही नावं घरात कोणालाही माहीत नव्हती. बायकोलासुद्धा.

रविवारपर्यंत खोली वाचवायची तर अप्पांना विरघळवायला हवं होतं. जावईबापूंना एक कल्पना सुचली. अप्पांच्या निरोप समारंभाची एक जुनी व्हिडिओ कॅसेट माळ्यावर धूळ खात होती. अप्पांची समजूत होती, की ती कधीच हरवली. जुन्या कॅसेटची वायर लागे ती फक्त 'सासरे'ला. जावईबापूंनी पाच संध्याकाळी खपून ती कॅसेट त्यात उतरवली, चेहरे स्वच्छ केले, आवाज साफ केला. आता रविवारी दुपारी सगळ्यांना जमवून खालच्या टीव्हीवर ती लावायची आणि सांगायचं, बघा अप्पा, हे त्या डब्यांनी केलं.

रविवारी सगळे हॉलमध्ये बसले. मेहुणा मोजपट्टी घेऊनच आला होता. जावईबापूंनी रिमोट दाबला. टीव्हीने आधी घरात कोणकोणती यंत्रं आहेत ते शोधलं आणि मोठ्या, ठसठशीत मराठी अक्षरांत यादी लावली. ती मराठी अक्षरं जावईबापूंनीच मुद्दाम बसवली होती, हौसेने.

अप्पांनी चष्मा लावला आणि परिपत्रक वाचावं तसं खणखणीत वाचलं.

"सासूबाई : चालू. मेहुणा : जागा शिल्लक नाही. मावससासू : कागद अडकला आहे. जावई : बंद. सासरे..." ते थांबले. "सासरे : प्रतिसाद नाही."

सगळ्यांच्या माना जावईबापूंकडे वळल्या.

"प्रतिसाद नाही?" अप्पा म्हणाले. "हा शेरा कोणी मारला?"

"अप्पा, ती मशीनची नावं आहेत. तुमचं... म्हणजे ते आत्ताच सुरू केलंय. त्याला जरा वेळ लागतो."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "मी पण आहे का त्यात?"

"चला वर," अप्पा उठले. "प्रत्यक्ष पाहणी झाल्याशिवाय मी मत देत नाही."

तीन वर्षांत त्या खोलीत कोणी पाऊल ठेवलं नव्हतं. आज अख्खं घर आत शिरलं. 'सासूबाई' वरच्या फळीवर होती, 'मेहुणा' टेबलावर. 'सासरे' टेबलाखाली जमिनीवर होतं, फरशी पुसायच्या बादलीला टेकून.

"मी इथे?" अप्पांनी वाकून बघितलं. "बादलीशेजारी?"

"ते जड आहे ना अप्पा..."

"सेवाज्येष्ठता नावाची काही चीज असते, जावईबापू! हा पोरगा टेबलावर, आणि मी खाली?"

सासूबाईंनी तोवर फळीवर हात ठेवला होता. "अहो, ही केवढी तापलीय! कधी बंद करता हिला?"

"कधीच नाही, आई. ही बंद पडली तर घरातलं सगळंच थांबतं. चार वर्षं झाली, एक दिवस सुट्टी नाही."

सासूबाईंचे डोळे भरून आले. पदराने त्यांनी मशीनवरची धूळ पुसली. "इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही हो," त्या अप्पांकडे बघून म्हणाल्या. "जावयाच्या लक्षात आलं."

"बरं, बरं," अप्पा घाईने म्हणाले. "तुझं राहू दे. माझं बघू. जावईबापू, माझी बदली करा. ते दिव्यांचं मशीन 'सासरे' आणि हे खालचं 'मेहुणा'. आत्ताच्या आत्ता."

"वा!" मेहुणा ओरडला. "मी का बादलीजवळ जाऊ?"

"तू आहेसच कुठे नोकरीत?"

"अप्पा, नावं बदलायची नसतात," जावईबापू काकुळतीला आले. "सगळी कामं नावावर चालतात. नाव हललं की सगळा गोंधळ होतो. नियमच आहे तसा."

"नियम मला शिकवू नका. खोली हवीय की नको?"

जावईबापूंनी देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही नावांची अदलाबदल केली. आयुष्यात पहिल्यांदाच नियम मोडला होता. नावं बदलली, पण टीव्हीला मात्र जुनाच हुकूम दिलेला होता : 'सासरे'कडे जा आणि पहिला व्हिडिओ लाव. तो बदलायचं त्या गडबडीत साफ राहून गेलं.

सगळे खाली आले. टेबलावर बढती मिळाल्याच्या ऐटीत अप्पा सोफ्यावर बसले. "हं, लावा आमचा समारंभ."

जावईबापूंनी बटण दाबलं. टीव्ही इमानदारीने 'सासरे'कडे गेला, म्हणजे दिव्यांच्या मशीनकडे. मेहुण्याच्या फोनमधले सगळे व्हिडिओ आपोआप त्याच मशीनमध्ये साठत. मेहुणा हे केव्हाच विसरला होता.

पडद्यावर बनियन घातलेला मेहुणा आला. "मित्रांनो," तो छाती फुगवून म्हणाला, "आज व्यायामाचा दिवस पहिला!" त्याने वजन उचललं, एकदा. खाली ठेवलं. सोफ्यावर बसला. मग हात लांब करून बिस्किटांचा पुडा घेतला.

"भाऊजी, बंद करा ते," मेहुणा म्हणाला.

पण टीव्हीने दुसरा व्हिडिओ सुरू केलाही. तेच बनियन, आणखी ताणलेलं. "मित्रांनो, आज व्यायामाचा दिवस पहिला!" मग तिसरा. दिवस पहिला. चौथ्यात वजनसुद्धा नव्हतं, नुसता पुडा होता.

"किती आहेत असे?" अप्पांनी विचारलं.

"बासष्ट," जावईबापू हळूच म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"आणि दिवस दुसरा?"

"नाहीये, अप्पा."

बायको तोंडावर पदर घेऊन स्वयंपाकघरात पळाली. तिचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू येत राहिलं. मेहुण्याने मोजपट्टी हळूच खिशात घातली.

"म्हणून जागा शिल्लक नाही होय," अप्पा म्हणाले. "माझं नाव त्या मशीनवरून काढा. आधी काढा."

नावं पुन्हा जागच्या जागी गेली. आणि मग खरा 'सासरे', बादलीशेजारचा, खाकरला आणि त्याने समारंभ लावला. पडद्यावर अप्पा आले, काळ्या केसांचे, गळ्यात हार. त्यांचे साहेब बोलत होते, "हे गृहस्थ फाइल हळू पुढे सरकवतात. पण त्यांच्या हातून आजवर एकही कागद हरवलेला नाही."

अप्पा उठून पडद्याजवळ जाऊन उभे राहिले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "हे त्या जुन्या मशीनने केलं?"

"तेच एक करू शकतं, अप्पा. नव्यांच्या आवाक्यातली गोष्ट नाही."

"बाकीच्यांना जमत नाही?"

"नाही."

"मग त्याला भंगारात कोण देतंय? खोलीला कोणी हात लावायचा नाही!" अप्पांनी शेरा मारला.

जावईबापूंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. ते स्वयंपाकघरात धावले. बायको कणीक मळत होती.

"वाचली खोली! अगं, वाचली!"

"ऐकलं मी," बायको म्हणाली. "अख्ख्या सासरची वरात मांडलीत. माझ्या नावाचं एक मशीन नाही ठेवलंत ते?"

जावईबापू चपापले. "ठेवणार होतो. पण मशीन कधीतरी मरतंच गं. मग ते नाव पुन्हा कोणाला देता येत नाही. नकोच म्हटलं."

बायकोने कणकेच्या हाताने त्यांना बाजूला सारलं. "जा," ती म्हणाली, "उगाच काहीतरी बोलू नका." पण रात्रीच्या जेवणात दही त्यांना जास्त मिळालं.

सोमवारी जावईबापू ऑफिसातून आले आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेले. दार लोटलेलं होतं. आत टेबलाशी खुर्ची टाकून अप्पा बसले होते. 'सासरे' टेबलावर आलं होतं. 'मेहुणा' बादलीशेजारी. फळीवरच्या 'सासूबाई'ला स्वच्छ धुतलेला रुमाल पांघरला होता.

"काय काम आहे?" अप्पांनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही... जरा बसावं म्हटलं."

"आज जमायचं नाही. दिवसभरात सहा वेळा सुरू करून पाहिलं. दर वेळी अकरा मिनिटं. एकदाही बारा नाहीत. याला म्हणतात वक्तशीरपणा!" मग त्यांनी दाराजवळच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि हे पिवळं मशीन बंदच आहे, नुसती जागा अडवतंय. घेऊन जा खाली."

जावईबापूंनी 'जावई' छातीशी धरला आणि जिना उतरले. बायकोने बघितलं. काही न विचारता तिने ओट्याच्या कडेचे डबे एका बाजूला सरकवले आणि तिथे एक जुना टॉवेल अंथरला.

"ठेवा इथे. पण फोडणीच्या वेळी झाकायचा हं त्याला."

"याचं नाव बदलून टाकू का?" जावईबापूंनी पडेल आवाजात विचारलं.

बायकोने एकदा मशीनकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"नको," ती म्हणाली. "अगदी शोभतंय. आता ती गॅसची टाकी तेवढी बदलून द्या."