भिंतीची ट्रीटमेंट

आपटे डॉक्टर पेशंटशी बोलत नाहीत, त्याच्या कातडीशी बोलतात. "तुम्ही गप्प बसा, मी अंगाला विचारतो," असं बजावून ते भिंग घेऊन मनगटावर वाकतात आणि हळू आवाजात सुरू करतात, "काय गं, कुणी छळलं तुला?" पेशंटनं मध्ये तोंड उघडलं की डोळे वटारतात.

मी मुनीर. जुन्नरच्या बाजारात माझं रंगाचं दुकान आहे, वरचा मजला डॉक्टरांना दिलाय. माणूस मुंबईत शिकलेला. तिकडेच राहिला असता तर लोकांचे चेहरे उजळून बंगला बांधला असता. इथे वीस वर्षं गजकर्ण, खरूज आणि इसब बघत बसलाय. टर्पेंटाइननं माझ्या हातांना इसब झालंय. रस्त्यात ते मला ओळखत नाहीत, हात पुढे केला की लगेच म्हणतात, "अरे, मुनीरभाई." मेडिकलमधून मनानंच मलम आणून लावणाऱ्यावर तर असे चिडतात की खाली माझे डबे हादरतात.

आतली एक खोली ते काळे पडदे लावून अंधारी ठेवतात. तिथे जांभळ्या उजेडाचा दिवा आहे. तो लावला की उघड्या डोळ्यांना न दिसणारं काहीबाही अंगावर चमकायला लागतं. तळेघरची एक म्हातारी नातीला घेऊन आली होती. पोरीच्या पाठीवर पांढरट डाग. कोड निघालं तर लग्न कसं जमायचं, या धास्तीनं घरात कुणाला जेवण जात नव्हतं. अंधारात डाग पिवळट चमकले, तशी म्हातारी म्हणाली, "बया, पोरीच्या अंगात काय शिरलंय?"

"बुरशी," डॉक्टर म्हणाले. "ही शिबं आहेत. औषधानं जातील, रंग भरायला मात्र काही महिने लागतील. आणि कोड असतं तरी शिवल्यानं ते कुणाला लागत नाही."

खाली आल्यावर म्हातारी माझ्या कानाशी आली. "भाऊ, त्या खोलीत आजून कोन तरी हाय. भितीवर पाच बोटं व्हती. चमकत व्हती."

मी हसलो, पण ते वरवरचं. कारण संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की छतातून डॉक्टरांचा आवाज मी रोज ऐकायचो. काहीतरी विचारायचे, मग कुणी उत्तर द्यावं एवढा वेळ गप्प राहायचे, मग पुन्हा बोलायचे. मी हल्ली शटर लवकर ओढायला लागलो होतो.

त्या खोलीतली एक भिंत स्टुलाजवळ तेलकट काळी पडली होती. फुकट रंगवून देतो म्हटलं, तरी दर दिवाळीला एकच उत्तर यायचं, "त्या भिंतीची ट्रीटमेंट चालू आहे." यंदा मात्र सगळी इमारतच रंगवायला काढली. कामगार दारात येऊन उभे राहिले, तेव्हा एकदा सांगून टाकावं म्हणून मी वर गेलो. आतून बोलणं ऐकू येत होतं. दार ढकललं.

जांभळ्या अंधारात भिंतीवर एक पंजा निळसर चमकत होता. बारीक बोटांचा, बाईमाणसाचा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, तोंडून अल्लाचं नाव निघालं.

"घाबरू नका, मुनीरभाई," डॉक्टर म्हणाले. "भाभी आहेत तुमच्या."

भाभी म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, तीन वर्षांपूर्वी गेल्या. दवाखान्यात मलम लावायचं काम त्यांचं. ज्याला घरातलं कुणी शिवत नाही, त्याला आधी त्या शिवायच्या. गुडघे दुखायचे, म्हणून स्टुलावरून उठताना मलमाचा हात भिंतीला टेकायच्या, रोज त्याच जागी. ते मलम या दिव्यात चमकतं.

"दिवसभराचे पेशंट सांगतो तिला," ते म्हणाले. "फिकं होत चाललंय आता. मलम माझ्याकडे ढीगभर आहे हो. पण मी लावलं तर तो माझा हात होईल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं. दार हलकेच लावून खाली आलो.

"भाई, वरच्या खोलीला कोनता कलर मारायचा?" कामगारानं विचारलं.

"ती खोली सोडा," मी म्हणालो. "तिथल्या भिंतीची ट्रीटमेंट चालू आहे."