कर्णिककाकांचं मेक्सिको

कर्णिककाकांच्या आधी मला त्यांचं पाकीट भेटलं.

मॉलच्या फूडकोर्टात, एका रिकाम्या टेबलाच्या मधोमध ते पडलं होतं. तपकिरी, फुगलेलं, कार्डांचे कोपरे बाहेर डोकावत असलेलं. आसपास कोणीच नाही. पुण्याहून दुबईला येऊन मला महिनाही झाला नव्हता. हात लावावा तर कॅमेऱ्यात आपणच चोर दिसणार, आणि सोडून जावं तर जीव होईना. म्हणून मी शेजारच्या टेबलावर बसून त्या पाकिटाची राखण करू लागले. माझा डोसा गार झाला. शेवटी मैत्रिणीला फोन लावून कुजबुजले, "अगं, कोणीतरी पाकीट विसरून गेलंय."

"विसरलेलं नाही," मागून आवाज आला. "ठेवलेलं आहे."

हातात बिर्याणीचा ट्रे घेऊन एक गृहस्थ उभे होते. साठीकडे झुकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. ट्रे ठेवून ते शांतपणे म्हणाले, "जागा धरायला ठेवलंय. रुमाल टाकला तर सफाईवाला उचलून नेतो. पाकिटाला कोणी हात लावत नाही. ही दुबई आहे. खलास."

मग माझ्या डोशाकडे बघून म्हणाले, "नवीन दिसतेस."

पुढे कळलं की सिलिकॉन ओएसिस या वस्तीत ते माझ्याच इमारतीत, माझ्याच मजल्यावर राहतात. अल क्वोजला लिफ्टच्या सुट्या भागांचं एक गोदाम आहे, त्याचे ते मॅनेजर. गोदामाला रोज संध्याकाळी दणदणीत कुलपं ठोकून घरी येतात आणि घराचं दार नुसतं लोटून झोपतात. मी एकदा या विसंगतीबद्दल विचारलं, तर म्हणाले, "कुलूप ही कंपनीची पॉलिसी आहे. माझी नाही."

मला लिफ्टमध्ये शिरताना किल्ली मुठीत, टोक बाहेर काढून धरायची सवय आहे. कॉलेजात असताना लागली, ती गेली नाही. काकांच्या ते लगेच लक्षात आलं.

"कोणाला भोसकायचंय?"

"कोणाला नाही, काका. सवय आहे."

"सोड. इथे ती किल्ली फक्त दार उघडायला वापरतात. आणि मी तर त्यालाही वापरत नाही."

दुबईत चोरी होत नाही हे काकांचं नुसतं मत नव्हतं. ते त्याची प्रात्यक्षिकं करायचे. भारतातून पाहुणे आले की बाकीचे लोक त्यांना उंच इमारत आणि कारंजं दाखवायला नेतात. काका त्यांना स्वतःचं सामान सोडून लांब जाऊन उभं राहायला नेत. त्यांचे ठाण्याचे मेहुणे आले होते, तेव्हा काकांनी सगळ्यांचे फोन, घड्याळं आणि मेहुण्यांची पोटाला बांधलेली बॅग सोडवून समुद्रकाठी टॉवेलवर मांडली आणि मेहुण्यांना हाताला धरून पाण्यात नेलं. मेहुणे पूर्ण वेळ समुद्राकडे पाठ करून पोहत होते.

परत येऊन पाहतात तो सगळं जागच्या जागी. फक्त चिवड्याची पिशवी नाही. थोड्या अंतरावर एक कावळा ती फोडत बसला होता.

"झाली ना चोरी!" मेहुण्यांना जणू हक्काचं काही मिळालं.

काका डगमगले नाहीत. "तो कावळा इकडचा नाही. यांचे आजे-पणजे आपल्याकडून जहाजावर बसून आले. म्हणजे चोरी कोणी केली? आपल्याच माणसानं."

एका प्रयोगात मात्र ते गोत्यात आले. ऑफिसात नवीन लागलेल्या एका मुलाशी पैज लावून त्यांनी लॅपटॉपची बॅग मेट्रो स्टेशनच्या बाकावर ठेवली आणि दोघं खांबाआड उभे राहिले. चोर आला नाही. पोलीस आले. बेवारस बॅग म्हणून बाक रिकामा केला, आजूबाजूची माणसं हटवली. काका खांबाआडून हात वर करत बाहेर आले. त्यांना खुर्ची मिळाली, पाणी मिळालं आणि पुन्हा असं करू नका अशी कडक समज मिळाली. ही हकीगत ते स्वतःच सांगत, आणि शेवट नेहमी एकच: "पण बॅग? जशीच्या तशी!"

तर असा हा निर्धास्त माणूस. पण त्याच्यापुढे एक शब्द उच्चारायची सोय नव्हती. मेक्सिको.

काकांची मुलगी गार्गी दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मेक्सिको सिटीला गेली. काकू त्याच्याही आधी वारल्या होत्या. दुबईत वाढलेली, रस्त्यात कधी मागे वळून न बघितलेली मुलगी थेट तिकडे. काका 'मेक्सिको' हा शब्द आवाज खाली आणून उच्चारत, एखाद्याच्या रिपोर्टमध्ये काय निघालं ते सांगावं तसा. त्यांनी इंटरनेटवर इतके व्हिडिओ पाहिले होते की त्यांचा फोन उघडला की आपोआप बंदुकाच दिसायच्या.

गार्गीला त्यांच्या सूचना असत. रस्त्यात फोन काढायचा नाही. एक जुना बंद फोन जवळ ठेवायचा, चोराला द्यायला. टॅक्सी दारात आल्याशिवाय पायरी उतरायची नाही. परदेशी दिसू नकोस. "बाबा, हाऊ?" असं तिनं विचारलं, तर काकांनी पुढची सूचना दिली.

सगळ्यात मोठी अट म्हणजे तिचं लोकेशन काकांच्या फोनवर सतत दिसलं पाहिजे. नकाशावर तिच्या फोटोचा एक छोटासा गोल फिरे. दुबईत सकाळ झाली की तिकडे आदल्या दिवसाची रात्र असते, गार्गी ऑफिसातून घरी निघालेली असते. काका एका हातात चहा आणि एका हातात तो गोल घेऊन कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत. तिथे रेंज चांगली येते असं त्यांचं म्हणणं. मी ऑफिसला निघाले की मलाही त्यात ओढत.

"सई, हे बघ. थांबली. का थांबली?"

"सिग्नल असेल, काका."

"इतका वेळ?" तोवर त्यांनी फोन लावलेला असे. "गार्गी, तू त्या कोपऱ्यावर काय करतेयस?"

स्पीकरवरून रहदारीचा आवाज आणि तोंडात घास असलेली गार्गी. "बाबा, आय ॲम ईटिंग अ टाको."

"रस्त्यावर? उभी राहून? अंधारात?"

"बाबा, इथे लाइट आहे. क्यू आहे. पीपल आर नाइस."

"आधी नाइसच असतात," काका मला म्हणत. ती घरी पोचून 'रीच्ड' असा मेसेज आला की मगच चहा पीत. गार झालेला.

यंदा फेब्रुवारीत काकांनी माझं दार वाजवलं. हातात फोन नव्हता, त्यामुळे मीच घाबरले.

"गार्गीला तिथली कंपनी आणखी तीन वर्षं थांब म्हणतेय. नाहीतर इथल्या ऑफिसात परत ये. तिला सोमवारी कळवायचंय." ते दारातच उभे होते. "मला म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच एवढी भीती वाटत असेल तर मी येते. तुम्ही सांगा."

"मग सांगा ना."

"नुसतं भीती वाटते म्हणून कसं सांगू? पुरावा नको? ती म्हणणार, व्हिडिओ बघून बोलता. तुझ्या ऑफिसात ती एक मेक्सिकोची मुलगी आहे ना? तिला चहाला आण. तिकडच्याच माणसानं सांगितलं, तुमचा देश धोक्याचा आहे, की विषय संपला."

मारिसोल माझ्या ऑफिसात होती हे खरं, पण आमची ओळख कॉफीच्या मशीनपाशी हसण्यापुरती. मी कोणाला आपणहून घरी बोलावणाऱ्यातली नाही, तेही दुसऱ्याच्या घरी, आणि तेही स्वतःच्या देशाविरुद्ध साक्ष द्यायला. दोन दिवस मी मशीनपाशी नुसतीच हसले. तिसऱ्या दिवशी एका दमात सगळं सांगून टाकलं. मारिसोल इतकी हसली की तिची कॉफी सांडली. म्हणाली, "शनिवारी येते. खायला काय असेल?"

काकांनी बाहेरून सामोसे आणले होते. मारिसोल सोफ्यावर बसली आणि पर्स मांडीवर घेऊन तिचा पट्टा मनगटाला गुंडाळला. काकांनी मला डोळ्यांनी खुणावलं. पुरावा नंबर एक.

"तुझं तिकडे कधी काही चोरीला गेलं?" काकांनी थेट इंग्रजीत विचारलं.

"हो. बसमध्ये फोन गेला. भावाची गाडी गेली."

"गाडी!" काका पुढे सरकले. चेहऱ्यावर इतका आनंद, की मला सामोशाकडे बघावं लागलं.

"माझी मुलगी इथे राहते," म्हणत त्यांनी नकाशा उघडून तिच्यापुढे धरला. गोल स्थिर होता. तिकडे पहाट होती, गार्गी झोपलेली होती.

मारिसोलनं नकाशा बोटांनी मोठा केला आणि ओरडलीच. "इथे? इथे तर माझी मावशी राहते! या कोपऱ्यावर बेकरी आहे. हे पार्क, इथे सकाळी सगळ्यांची कुत्री येतात. आणि संध्याकाळी भाजलेली रताळी विकणारा येतो, त्याच्या गाडीची शिट्टी अशी वाजते..." तिनं ती शिट्टी वाजवून दाखवली. लांब, रडकी, चढत जाणारी.

"पण गाडी चोरीला गेली ना?" काकांनी आठवण करून दिली.

"ती दुसरीकडे. हे बघा, काही भाग आहेत, तिथे मीही जात नाही. काही रस्ते आहेत, तिथे रात्री नाही जायचं. पण हे तुमच्या मुलीला आता माझ्याइतकंच माहीत असणार. दोन वर्षं राहिलीय ना?"

काका काही बोलणार इतक्यात मारिसोलचा फोन वाजला. तिनं कपाळावर हात मारला. "आई. उठली की पहिला फोन मला. मी जिवंत आहे का बघायला."

"का? काय झालं?"

"मी दुबईत राहते ना."

काकांना कळेना. "मग?"

"तिला वाटतं, इथे बाईला एकटीनं बाहेर पडता येत नाही. रस्त्यात मोठ्यानं हसलं तर पोलीस धरतात. आणि सगळीकडे वाळवंट, हरवले तर सापडणार नाही. रोज फोन करते."

"दुबईत?" काका उभे राहिले. "दुबईत कसली भीती? दे तो फोन."

पडद्यावर गाऊनमधल्या, केसांना रोलर लावलेल्या एक बाई होत्या. काकांनी त्यांना पाकिटाचं टेबल सांगितलं, समुद्रकाठचा टॉवेल सांगितला, मेट्रोची बॅगसुद्धा सांगितली. मारिसोल स्पॅनिशमध्ये भाषांतर करता करता हसून लोटपोट होत होती. बाई मन लावून ऐकत होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, सेन्योरची मुलगी आमच्याकडे कुठे राहते? मारिसोलनं भागाचं नाव सांगितलं. बाईंनी दोन्ही हात हवेत उडवले. त्या काय म्हणाल्या त्याला भाषांतराची गरज नव्हती. तिथे? तिथे कसली भीती?

मारिसोल गेल्यावर मी कप गोळा केले. मला वाटलं, काका आता निवांत होतील. ते सोफ्यावर मांडीवर हात ठेवून बसले होते.

"म्हणजे बरी आहे ती तिकडे," ते म्हणाले.

"हो, काका. चांगली वस्ती दिसतेय."

"हं." त्यांनी नकाशावरचा गोल पुन्हा एकदा पाहिला. "मग आता तिला काय सांगू?"

"कशाबद्दल?"

"परत ये म्हणायला."

मी हातातले कप तसेच धरून उभी राहिले.

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. गार्गी उठली होती. विस्कटलेले केस, मागे खिडकी, खिडकीत झाड. काकांनी चष्मा पुसून घातला.

"गार्गी, मी चौकशी केली. तिकडच्याच माणसांकडून, फर्स्ट हँड. तुझा एरिया एकदम सेफ आहे. बेकरी वगैरे आहे. रहा तू. खलास."

गार्गी पडद्याच्या जवळ आली. "बाबा, आर यू शुअर?"

"शुअर म्हणजे काय! त्या बाईंनी स्वतः सांगितलं."

"आणि तुम्ही? थ्री मोअर इयर्स, घरात एकटे..."

"एकटा कुठे?" काकांनी फोन गर्रकन माझ्याकडे वळवला. "ही बघ, सई. समोरची. रोज असते इथे जेवायला."

मी त्या घरात चहापलीकडे कधी काही घेतलं नव्हतं. पडद्यावर गार्गी माझ्याकडे बघत होती, आणि फोनवरून डोकावत काकाही.

"हो," मी म्हणाले. "रोज असते." तेवढं पुरेसं वाटेना, म्हणून पुढे म्हणाले, "काका आमटी मस्त करतात."

"बाबा? आमटी?" गार्गीच्या भुवया वर गेल्या. "सिन्स व्हेन?"

"शिकलो," काका फोनच्या मागून म्हणाले.

ती हसली. आणखी थोडं बोलून, नाक ओढून, तिनं फोन ठेवला. काकांनी चष्मा काढून ठेवला. मग उठले, स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे, मिटल्याचे आवाज आले. बराच वेळ एकही डबा हवा तो निघेना.

"सई," त्यांनी आतून हाक मारली, "आमटीत गूळ आधी घालतात, की चिंच?"

मला माहीत नव्हतं. मी आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.