गुरूच्या पाठीतला खंजीर

मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आहे, आणि समोर पुरेशी निरीक्षणं असली की निष्कर्ष काढायला मला भाषा लागत नाही! हे वाक्य मी १९७९ साली, चिंचवडच्या आमच्या गिअर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, तेरा माणसांसमोर मोठ्याने बोलले. एरवी मी मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशीही बोलायला नको होतं.

झालं असं, की गिअर कडक करण्याची नवी भट्टी बसवायला जपानहून ओगावासाहेब आले होते. पन्नाशीचे, अबोल, इस्त्री केल्यासारखे सरळ. जेवणाच्या सुट्टीत ते भट्टीशेजारी स्टुलावर बसून एक जाडजूड पुस्तक वाचत. चेहरा इतका गंभीर, की ते भट्टीचंच काहीतरी असणार असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा मी सहज डोकावले. चित्रं! तलवारी! छपरावरून छपरावर उडणारी माणसं! एवढा मोठा इंजिनिअर आणि कॉमिक? मला राहवेना. त्यात असं आहे तरी काय?

भट्टी सुरू झाली आणि साहेबांनी ते पुस्तक आमचे फिटर नवाबभाई यांना भेट दिलं. मी मागायला गेले तर नवाबभाई अवघडले.

"मॅडम, मोठ्यांचं आहे हां हे. मधली दोन पानं मी टाचणी लावून बंद केलीत."

"मला फक्त अभ्यास करायचाय," मी म्हटलं आणि लॉग टेबलच्या कव्हरात घालून ते घरी नेलं. (टाचणी काढली. अभ्यास अर्धवट करू नये.)

त्याच आठवड्यात आमचे व्यवस्थापक नानासाहेब यांनी मला कॅन्टीनमध्येच गाठलं.

"बाई, शनिवारी ओगावासाहेबांचा निरोपसमारंभ. त्यानंतर ते भट्टीच्या हमीपत्रावर सही करणार. माणूस खूश होऊन गेला पाहिजे! कार्यक्रम तुमच्याकडे." मग त्यांनी खिशावर हात मारला. "तुम्हाला कायम करण्याचं पत्र इथे तयार आहे. त्यांची सही झाली की लगेच देतो."

प्रयोगशाळेतली मी पहिलीच बाई. सहा महिने प्रोबेशनवर. घरी आईने पेढ्यांचं ठरवून ठेवलेलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "साहेबांच्याच आवडत्या पुस्तकावर नाटक बसवू!"

"पण वाचणार कोण ते?" कॅन्टीनच्या कौशल्याबाईंनी विचारलं.

त्यावर मी वरचं वाक्य बोलले.

कथा मला दोन संध्याकाळींत उलगडली. सुरुवातीला एक काणा कोणाच्या तरी मागावर. मग जळून गेलेली झोपडी, आणि हातात तलवार घेतलेला एक देखणा, लांब केसांचा तरुण. पुढे झोपडी पूर्ववत होते. आत म्हातारा गुरू निपचित पडलेला, पाठीत खंजीर. तरुण तो खंजीर उपसतो! गुरू उठून बसतो! तरुण तलवार परत भिंतीवर टांगतो, गुरूच्या पेल्यातलं विष आपल्या कुपीत काढून घेतो, आणि शेवटच्या पानावर सगळे आनंदाने भात खातात. केवढा हा शिष्य!

काही निरीक्षणं जुळत नव्हती, हे मान्य करते. बाण उलटे धनुष्याकडे येत. रक्त जखमेत शिरे. फुटलेला पेला अखंड होई. मुखपृष्ठावर तर कसल्याशा टॉनिकची जाहिरात होती! पण काल्पनिक युद्धकलेत एवढं चालायचंच, असं मी वहीत लिहून ठेवलं.

नवाबभाईंना मात्र पटेना. "मॅडम, तो लांब केसवाला नमकहराम आहे. गुरूला विष दिलं, पाठीत खंजीर घातला, तलवार चोरली, घर पेटवलं. हिरो तो काणा आहे, त्याला शोधत फिरणारा."

"तुम्ही कुठून वाचलंत?"

त्यांनी पुस्तक उजवीकडून उघडून दाखवलं.

मी हसले. अगदी प्रेमाने हसले! "नवाबभाई, तुम्हाला उर्दूची सवय. पुस्तक उलटं धरलंत तुम्ही."

त्यांनी पुस्तक मिटलं. "तुम्ही शिकलेल्या, मॅडम. पण मी काण्याचंच काम करणार."

देखणा शिष्य झाला आमचा कुरुळीचा कामगार सयाजी. त्याला एकच चिंता होती. "मॅडम, म्या मानूस चांगलाच हाय न्हवं?"

"देवमाणूस!" मी म्हटलं.

शनिवारी कॅन्टीन गच्च भरलं. ओगावासाहेब पहिल्या रांगेत, शेजारी नानासाहेब. पडदा उघडला आणि सयाजीला पाहताच साहेब आनंदाने पुढे सरसावले. सयाजीने खंजीर उपसला. साहेब मागे टेकले. सयाजीने विष काढून घेतलं. साहेबांनी चष्मा पुसला. सयाजी गुरूला भात भरवू लागला, तेव्हा साहेबांचा चेहरा गरम भट्टीतून थेट तेलात बुडवलेल्या गिअरसारखा कडक झाला होता!

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी माइक घेतला, आणि इंग्रजीत म्हणाले, "या वीराने जसं गुरूला वाचवलं, तसं आपण आमच्या कारखान्याला वाचवलंत. हा वीर म्हणजे आपणच!" आणि सयाजीने ठरल्याप्रमाणे स्वतःच्या गळ्यातला हार काढून साहेबांच्या गळ्यात घातला.

फक्त भजी तळल्याचा आवाज ऐकू येत होता.

ओगावासाहेब उठले. मंचावर आले. माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि उजवीकडून उघडलं. पहिल्या पानावर सगळे आनंदाने भात खात होते.

"सुरुवात," ते म्हणाले.

नवाबभाईंनी डोळ्यावरची काळी पट्टी वर केली आणि फक्त माझ्याकडे पाहिलं. काही बोलले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजी म्या..." सयाजी हादरला. "म्या गुरूला मारला व्हय?"

नानासाहेबांचा हात खिशावर गेला आणि तिथेच घट्ट बसला.

साहेब बराच वेळ पानं चाळत राहिले. आधी उजवीकडून, मग डावीकडून. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत! ते हसत होते. अडखळत्या इंग्रजीत म्हणाले, "बारा वर्षं ही मालिका वाचतोय. दरवेळी गुरू मरतो. आज पहिल्यांदा वाचला." हार गळ्यात तसाच ठेवून त्यांनी हमीपत्रावर सही केली. आणि मग नवाबभाईंना कमरेत वाकून नमस्कार केला. मलाही केला, पण जरा कमी वाकून.

नंतर मी नवाबभाईंकडे गेले. "चुकलं माझं. जपानी पुस्तकही उजवीकडूनच सुरू होतं. उलटं मीच धरलं होतं."

"होतं असं, मॅडम," ते म्हणाले. "पण फुटलेला पेला आपोआप जुळतो का हो? तुमच्या शास्त्रात?"

नाही जुळत. उष्मागतिकीचा दुसरा नियम. त्या पेपरात मला ब्याऐंशी मार्क होते!

नानासाहेबांनी पत्र बाहेर काढलं, पण सोडलं नाही. "बाई, एकच विचारतो. भट्टीचं मॅन्युअलही तुम्हीच वाचलंत ना?"

मी धावत सुटले. मॅन्युअल इंग्रजीत होतं, हे मला भट्टीपाशी पोचल्यावर आठवलं.

परत आले तेव्हा नानासाहेबांनी पत्र हातात ठेवलं. मी ते डावीकडून वाचलं. मग, कोणी बघत नाही असं पाहून, शेवटच्या ओळीपासून वर. दोन्हीकडून मी कायमच झाले होते.