पाच हजार खारींचे चार हत्ती

एका जंगलात चार हत्ती होते आणि पाच हजार खारी.

बाळांनो, तुम्ही विचाराल, हत्तींना खारी कशाला? तर हत्तीच्या अंगात ताकद असते, पण पुढे काय करायचं ते त्याला सुचत नाही. खारीला सुचतं फार, पण उचलता काही येत नाही. म्हणून खार हत्तीच्या कानामागे बसून सांगायची आणि हत्ती तसं करायचा. तुमच्याही घरी असंच चालत असेल, पण ते मोठ्याने बोलू नका.

या कारभारावर सगुणाबाई नावाची साळिंदरीण होती. ती प्रत्येक खारीला पळसाचं एक पान द्यायची. त्याचं कारण असं, की खारींचं डोकं लहान, त्यात एका वेळी एकच गोष्ट राहायची. लाकूड आणायला निघावं तर वाटेत वेल आडवी. वेल तोडायची तर आधी धारेचा दगड हवा. मग खार लाकडाच्या आठवणीची एक काडी पानावर ठेवायची, तिच्यावर वेलीची काडी ठेवायची आणि दगडामागे जायची. दगड मिळाला की वरची काडी उचलायची. हां, वेल. वेल तुटली की खालची. हां, लाकूड. काडी नेहमी वरचीच उचलायची, एवढा एकच नियम होता.

ढीग पानाबाहेर जायला लागला की सगुणाबाई गुपचूप दुप्पट मोठं पान आणायची. सगळ्या काड्या त्याच क्रमाने त्यावर रचायची. रानात जुन्या पानाची वाट दाखवणाऱ्या खुणा असत, त्या एकूण एक नव्या पानाकडे वळवायची आणि जुनं पान हरणाला घालायची. खारीला पत्ताही लागत नसे. फक्त एखादीचा ढीग वाढत वाढत आंब्याच्या फांदीला टेकला, की ती म्हणायची, "बाई गं, या कामाला तळ नाही. सोड ते."

कुणाला नदीवरच्या कासवाच्या निरोपाची वाट बघायची असली, तर सगुणाबाई म्हणायची, "वाट खाली बसून बघ." तिला उतरवून, तिचं पान फांदीवर जपून ठेवून, ती दुसरीला चढवायची. कुणी फारच वेळ बसून राहिली तर हलकेच एक काटा टोचायची. कासव आलं, की जो हत्ती रिकामा असेल त्यावर पहिलीला पुन्हा बसवायची आणि तिचं पान तिच्या नाकासमोर धरायची. खारीला वाटायचं, आपला जरा डोळा लागला होता.

त्यामुळे पाच हजारांतल्या प्रत्येक खारीची खात्री होती, की आपल्याला स्वतंत्र हत्ती आहे. सगुणाबाईला याची मनातल्या मनात फार गंमत वाटायची.

त्या वर्षी ओढ्यावर बांध घालायचं काम निघालं. काम इतकं सुरळीत चाललं, की वनराज सिंहाला चैन पडेना. दुसऱ्या जंगलात दोन महिने राहून आलेला एक धनेश पक्षी होता. चोच मोठी असल्यामुळे त्याचं बोलणं वजनदार वाटायचं. सिंहाने त्याला सल्लागार नेमलं.

धनेशने एकेका खारीला विचारलं, "तुझ्याकडे हत्ती किती?"

"एक," प्रत्येकीने सांगितलं.

"महाराज," धनेश म्हणाला, "आपल्याकडे पाच हजार हत्ती आहेत."

सिंहाची छाती फुगली. त्याने आजवर चारच पाहिले होते, पण बाकीचे डोंगराच्या मागे असतील असं त्याने धरलं.

मग सगुणाबाईला बोलावणं आलं.

"गेल्या वर्षी तुम्ही किती लाकडं उचललीत?" धनेशने विचारलं.

"एकही नाही. मी पानं बदलते. हिला उतरवते, तिला चढवते."

"पान लहान पडल्याची एक तरी तक्रार आली?"

"नाही आली."

"म्हणजे पानं बदलायची गरज नाही. आणि हत्ती सगळ्यांना आहेत, तेव्हा उतरवायचीही नाही."

"महाराज, हत्ती चारच आहेत," सगुणाबाई म्हणाली.

"पाच हजार जणी खोट्या आणि तुम्ही एकट्या खऱ्या?" सिंहाने विचारलं.

दहा वर्षांत तिच्या हातून एक काडी इकडची तिकडे झाली नव्हती, आणि तोच आता तिच्याविरुद्ध पुरावा झाला होता. तिला फार वाईट वाटलं. नोकरी गेली, आणि ती डोंगरावरच्या बिळात जाऊन बसली.

धनेशने पानांचा प्रश्न कायमचा सोडवला. प्रत्येक खारीला एकेक केळीचं पान, एकाच मापाचं, कधीही न बदलणारं. केळीचं बन त्यात सपाट झालं. जंगलात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि बहुतेक पानांवर तीनच काड्या होत्या.

पहिल्याच सकाळी झिपरी नावाची खार हत्तीवर चढली आणि कासवाची वाट बघत बसली. उतर म्हटलं तर म्हणाली, "माझा हत्ती आहे, मी का उतरू?" दुपारपर्यंत चारही हत्तींवर चार खारी वाट बघत बसल्या होत्या आणि खाली चार हजार नऊशे शहाण्णव जणी आपापला हत्ती कुणी चोरला ते शोधत होत्या.

त्यांच्यातली एक मात्र शहाणी निघाली. हत्ती मिळेपर्यंत तिने माती खणायचा परवाना काढायचं ठरवलं. परवान्याला दाखला हवा होता. दाखल्याला परवाना हवा होता. ती काडीवर काडी ठेवत गेली. सोड म्हणणारं कुणी नव्हतं. ढीग केळीच्या पानावर मावेना, तो कोसळला आणि शेजारणींच्या पानांवर पसरला. कुणाची काडी कुणाची, कळेना. झिपरीला तिच्या पानावर 'लाकूड ओढ' अशी काडी दिसली, आणि तिने हत्तीकडून बांधातलंच लाकूड ओढून काढलं.

सिंह गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणाला, "धनेश, ते पाच हजार हत्ती आण."

"रजेवर असावेत," धनेश म्हणाला आणि उडून गेला.

सिंह स्वतः डोंगर चढून गेला. "सगुणाबाई, चला," एवढंच म्हणाला. ती आली. तिने चौघींना उतरवलं, काड्या लावल्या, पानं मापाची दिली. तीन दिवसांत बांध उभा राहिला. पाचव्या दिवशी खारी आपापल्या हत्तीचं कौतुक करू लागल्या, आणि आठव्या दिवशी सिंह म्हणाला, "सगुणाबाई, आता हे आपलं आपण चालतंय, नाही का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, सिंहाच्या गुहेसमोरच, सगुणाबाईच्या हातून एक पान पडलं. काड्या खडखडत पसरल्या. सिंह धावत बाहेर आला.

"थोडक्यात निभावलं, महाराज," असं म्हणून तिने कपाळाचा घाम पुसला आणि बारा काड्या दुपारपर्यंत लावत बसली.

ते पान सोडण्याआधी तिने काड्यांचा क्रम दोनदा पाठ केला होता. पुढच्या सोमवारी तिने दोन पाडली, तेव्हा एकदाच केला. पावसाळा यायच्या आत सिंहाने तिला प्रधान केलं.

तात्पर्य: काम चोख करावं, पण ते दिसेनासं होईल इतकं चोख करू नये. आठवड्यातून एकदा काहीतरी जोरात पाडावं, आणि उचलताना कण्हावं.