मोहोर नाही, शिधा नाही

"सूनबाई, या घोडेस्वाराच्या पायात रिकीब कुठून आली?"

सासऱ्यांनी हातातला चहाही अजून तोंडाला लावला नव्हता. कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून ते बसले होते आणि घोडेस्वाराने पाय अडकवलेल्या त्या लोखंडी कडीकडे असं बघत होते, जणू तो चिखलाच्या वहाणा घेऊन घरात शिरलाय.

"चित्रकाराने काढली, बाबा."

"संदर्भ?"

"त्याच्या मनाला वाटलं म्हणून."

"मनाची तळटीप देता येत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पारसिक सैन्यात रिकीब नव्हती. काढ."

"काढते," सूनबाई म्हणाली आणि गॅसकडे वळली.

सासरे जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आधार असल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नसत असं त्यांचे जुने विद्यार्थी म्हणायचे. शेजारीण एकदा सहज म्हणाली, "आज पाऊस येईल म्हणतात," तर "कोण म्हणतात?" असं विचारून त्यांनी तिला दारातच गारद केलं होतं.

पण गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि त्यांचे प्रश्नच संपले. खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायचे, ताटात पडेल ते खायचे. एकदा भाजीत मीठ घालायचंच राहिलं. सूनबाईच्या नवऱ्याने पहिल्याच घासाला ताट लांब सरकवलं. सासऱ्यांनी मात्र मुकाट्याने ताट स्वच्छ केलं आणि हात धुवून खिडकीशी जाऊन बसले. त्या दिवशी सूनबाई खरी घाबरली.

ती डावपेचांचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात कामाला होती. शिवणवर्गाच्या वरच्या मजल्यावर ऑफिस, त्यामुळे तिथली सगळी युद्धं शिलाई मशीनच्या खडखडाटात लढली जात. त्याच सुमाराला तिच्याकडे प्राचीन पारसिक, म्हणजे इराणी साम्राज्याचा खेळ आला. खेळणारा सेनापती, सैन्य घेऊन राजधानीतून निघायचं आणि सरहद्दीवरचं बंड मोडायचं. एका संध्याकाळी तिने खिडकीपाशी जाऊन मुद्दामच विचारलं, "बाबा, हे लोक वाटेत खात काय असतील हो?"

सासऱ्यांनी मान वळवली. कितीतरी आठवड्यांनी त्यांच्या तोंडून पुरं वाक्य बाहेर पडलं. "कुठल्या सम्राटाच्या काळातलं म्हणतेस?"

झालं! माळ्यावरची पुस्तकं खाली आली. सासरे खेळाचे सल्लागार झाले. सेनापतीपाशी मोहोरबंद परवाना नसेल, तर वाटेवरच्या चौकीत त्याला चिमूटभर पीठ मिळता कामा नये. उंटाच्या वासाने घोडे बुजले पाहिजेत. सम्राटाचा हुकूम जासूद घोडे बदलत आणणार, तेव्हा तो उशिराच पोचला पाहिजे. प्रत्येक गोष्टीला आधार होता आणि प्रत्येक आधारागणिक सासऱ्यांचा आवाज एकेक पायरी वर चढत होता.

ऑफिसात मात्र घाईसाहेब होते. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारेपर्यंत ते पुढच्या खोलीत गेलेले असत. "अहो बाई, लोक खेळायला येतात, परीक्षेला बसायला नाही!" ते म्हणाले. "पहिल्या मिनिटाला तलवार चालली पाहिजे. उंट, घोडे, सगळे एका दावणीला बांधा!"

आता घरी सासऱ्यांना काय सांगायचं? तुमचं एकही म्हणणं घेतलं नाही? ते चिडले असते तर परवडलं असतं. ते "बरं" म्हणून खिडकीशी जाऊन बसतील, याची तिला धास्ती होती. म्हणून तिने दोन खेळ केले. एक खरा, घरासाठी. एक खेळायचा, ऑफिससाठी. रोज देवापुढे दिवा लावताना ती या लबाडीबद्दल कान पकडायची आणि उठून पुन्हा दोन्ही खेळांत भर घालायची. दोन्ही पेनड्राइव्ह दिसायला जुळे भाऊ, म्हणून सासऱ्यांच्या पेनड्राइव्हला तिने लाल धागा बांधला होता.

त्या सकाळी रिकिबीचा निकाल लावून ती आवरायला आत गेली. बाहेर सासऱ्यांना तो लोंबणारा धागा दिसला. गबाळेपणा त्यांना वहीच्या समासातही खपत नसे. कात्री आणून त्यांनी धागा कापला, टोपलीत टाकला आणि पेनड्राइव्ह कॉम्प्युटरशेजारी नीट ठेवला. ऑफिसचा पेनड्राइव्ह पेनांच्या डब्यात होता. सूनबाई घाईत आली, बिनधाग्याचा दिसला तो उचलला आणि निघाली.

आणि नेमके त्याच दिवशी ऑफिसात पाहुणे यायचे होते. एक टकलावर चष्मा चढवलेले गृहस्थ आणि एक मितभाषी बाई. खेळ बाजारात न्यायचा की नाही, हे त्या दोघांच्या हाती होतं.

"बघाच आता," घाईसाहेब हात चोळत म्हणाले. "एका मिनिटात रणधुमाळी!"

चष्मेवाल्यांनी सैन्य राजधानीबाहेर काढलं. पहिल्या चौकीवर पहारेकरी आडवा आला. 'मोहोर?'

"कसली मोहोर?" घाईसाहेब म्हणाले.

पहारेकऱ्याने शांतपणे सांगितलं, 'मोहोर नाही, शिधा नाही.'

सूनबाईने ओळखलं, हा घरचा खेळ! पडद्यावर सेनापती उपाशी उभा होता. चष्मेवाल्यांनी चिडून उंट पुढे घातले, तर स्वतःचेच घोडे बुजून राजधानीकडे पळत सुटले. त्यांना थांबवायला हुकूम धाडला. हुकूम घेऊन निघालेला जासूद पळणाऱ्या घोड्यांच्या मागे पडला. अखेरीस हुकूम पोचला तेव्हा घोडे तबेल्यात वैरण खात होते. हुकूम होता, 'थांबा.' ते थांबले.

खालची शिलाई मशीनसुद्धा नेमकी त्याच वेळी बंद पडली.

"सल्लागारांना फोन लावतो!" घाईसाहेबांनी सूनबाईच्या घरचा नंबर फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन टेबलावर ठेवला. "साहेब, नको, मी सांगते ना..." ती म्हणेपर्यंत पलीकडून खणखणीत आवाज आला.

"बोला."

"सर, तुमचं सैन्य हलत नाहीये!"

"निघताना मोहोर घेतली होती का?"

"अहो, कालपर्यंत मोहोरबिहोर काही नव्हतं या खेळात! उंट-घोडे गळ्यात गळे घालून पळत होते! आज हे काय नवीन?"

सूनबाईने डोळे मिटून घेतले.

"अस्सं," सासरे म्हणाले. "म्हणजे पेनांच्या डब्यातला जो मी इथे बघतोय, तो तुमचा खेळ. बरं. ठेवतो."

ते 'बरं' ऐकलं आणि सूनबाईने पर्स उचलली. तेवढ्यात तिला आणखी एक आठवलं. ऑफिससाठीच्या खेळात तिने एक बाई घातली होती. राजवाड्याच्या दारातल्या कोठारावरची. नवख्या खेळाडूला शिध्याची आठवण करून द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि लिहिता लिहिता त्या बाईच्या तोंडी सासूबाईंचं बोलणं आलं होतं. घरातून कुणालाही उपाशीपोटी उंबरा ओलांडू द्यायचा नाही, हा सासूबाईंचा नेम. आजारी असतानाही तो मोडला नव्हता. ती बाई सासऱ्यांना दाखवायची सूनबाईची कधी छातीच झाली नव्हती.

"साहेब, मला घरी जायला हवं."

"आत्ता? सैन्य उपाशी टाकून?"

"त्यांना जाऊ द्या," इतका वेळ गप्प असलेल्या पाहुण्या बाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "फक्त मोहोर कुठे मिळते, तेवढं सांगून जा."

घरी पोचली तेव्हा खिडकीपाशी खुर्ची नव्हती. ती कॉम्प्युटरपुढे होती आणि सासरे तिच्यात बसले होते. स्वयंपाकघरात सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं.

"रिकीब आहे यात," ते मागे न बघताच म्हणाले.

"हो बाबा."

"उंट नि घोडे एका गोठ्यात."

"हो. चुकलं माझं. तुमचं मन..." पदर नव्हता म्हणून तिने ओढणीलाच नाक पुसलं.

फोन वाजला. "बाई, हे लोक जेवायलाही उठत नाहीत!" घाईसाहेब पहिल्यांदाच सावकाश बोलत होते. "मोहोर मिळाली, आता दुसऱ्या चौकीवर वैरणीवरून वाद चाललाय. सोपी लेव्हल आपली कालची ठेवा म्हणतात, आणि सर्वात अवघड ही. तिला 'मास्तर' नाव द्यायचं म्हणतात. सरांना चालेल का विचारा."

तिने फोन खाली घेऊन विचारलं. सासऱ्यांनी नुसता हात हलवला. त्यांचं लक्ष पडद्यावर होतं. त्यांनी सेनापतीला राजवाड्याच्या दारापाशी आणलं. कोठारातून ती बाई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून. 'एवढी घाई कसली? दोन घास खा, मग जा. जग काही पळून जात नाही.'

सासऱ्यांनी सेनापतीला मागे नेलं. पुन्हा दाराशी आणलं. पुन्हा ती बाहेर आली. 'एवढी घाई कसली?'

तेव्हा कुठे सूनबाईच्या लक्षात आलं. तिकडे खरं सैन्य मोहोरेवाचून अडलं होतं आणि इकडे खोटं सैन्य सकाळपासून दाराबाहेरच पडलं नव्हतं. त्याला कुणी अडवलं नव्हतं. शिधा घेण्याचं बटण समोर होतं. सासरे ते दाबतच नव्हते.

"हिला काढून टाकते, बाबा," ती हळूच म्हणाली. "हिला काही आधार नाही."

"कोण म्हणतं? त्यांच्या मातीच्या पाट्यांवर नोंदी आहेत. बायका मुकादम असत, शिधाही भरपूर मिळे." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "ही बाई बरोबर आहे. फक्त एक चूक आहे. 'दोन घास' नाही. चार."

"आई तर नेहमी दोनच म्हणायच्या."

"तुम्हाला म्हणत असेल. मला चार म्हणायची."

सूनबाईला हसूही आलं आणि रडूही. इतक्या वर्षांत जे विचारायची तिची टाप नव्हती, ते तिने विचारलं. "संदर्भ?"

"प्रत्यक्षदर्शी," सासरे म्हणाले आणि त्यांनी शिध्याचं बटण दाबलं.

सैन्य वाजतगाजत निघालं. तिने ताट गरम करून त्यांच्यापुढे ठेवलं. पहिला घास झाला, दुसरा झाला, तिसरा तोंडात घालता घालता ते थांबले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सूनबाई, भाजीत मीठ कमी आहे."